रोज घालायला डायव्ह वॉच: आधी मनगट मोजा, मीटर नंतर

मी पोहायला शिकवते. मोठ्या माणसांना, आणि त्यातही बहुतेक पाण्याची धास्ती घेतलेल्यांना. दिवसाचे चार तास छातीएवढ्या पाण्यात जातात. उरलेला दिवस कुणाचाही जातो तसाच जातो: धुणं, लिहिणं, गाडी चालवणं, दारं उघडणं, झोपणं. या सगळ्यात गेली नऊ वर्षं माझ्या मनगटावर डायव्ह वॉच, म्हणजे पाण्याखाली डायव्हिंग करणाऱ्यांसाठी बनवलेलं घड्याळ, आहे. त्यातलं पहिलं चुकीचं होतं, दुसरं बरोबर निघालं. "मॅडम, कोणतं घेऊ?" असं कुणी विचारलं की मी आधी त्यांचा हात पुढे करायला सांगते.

पहिलं घड्याळ मी आकड्यांवर भुलून घेतलं होतं. ३०० मीटर खोलीचं पाणी सोसणारं, ४४ मिलिमीटर व्यासाचं, चांगली जाडजूड काच. माझं मनगट साडेपंधरा सेंटिमीटरचं. ज्या कानांत पट्टा अडकतो, ज्यांना लग म्हणतात, ते चारही कान मनगटाच्या कडेबाहेर यायचे. पट्टा कातडीला धरून खाली उतरायच्या ऐवजी आधी हवेत लोंबायचा आणि मग आत वळायचा. घड्याळ दिवसभर मनगटाभोवती फिरत राहायचं. पोहून आल्यावर डायल हाताच्या बाहेरच्या बाजूला गेलेली, क्राउन, म्हणजे वेळ लावायची बाजूची चावी, हाडावर टोचतोय. सहा महिन्यांत दोन शर्टांच्या डाव्या बाहीची कड विरली. घड्याळात काहीच खोट नव्हती, ते माझ्या हाताचं नव्हतं एवढंच.

म्हणून पहिली पायरी घरी करायची. हात टेबलावर पालथा ठेवा. मनगटाचं हाड वर येतं त्याच्या जरा मागे, कोपराच्या बाजूला, वरचा सपाट भाग किती रुंद आहे ते पट्टीने मोजा. परीघ नको, सपाट भागाची रुंदी हवी. माझी ५० मिलिमीटर भरते. आता घड्याळाच्या माहितीत वरच्या कानाच्या टोकापासून खालच्या कानाच्या टोकापर्यंतची लांबी शोधा. ती तुमच्या मापापेक्षा निदान दोन-तीन मिलिमीटर कमी असावी. माझं पहिलं घड्याळ ५२ होतं, आताचं ४६ आहे. सगळा फरक तिथेच पडला.

डायलच्या व्यासावरून हे कळत नाही. सीकोचं एसकेएक्स००७ हे जुनं, फार लाडकं डायव्ह वॉच ४२.५ मिलिमीटर व्यासाचं आहे. ऐकायला मोठं वाटतं, पण कानापासून कानापर्यंत ते साधारण ४६ च भरतं, कारण त्याचे कान आखूड आहेत आणि खाली वळलेले आहेत. म्हणून बारीक मनगटावरही ते नीट बसतं. उलट ४० मिलिमीटरची काही घड्याळं लांब, सरळ कानांमुळे मोठी लागतात. खात्री करायची तर पुठ्ठा घ्या, व्यास आणि कानांची लांबी मापून आकार कापा, सेलोटेपने मनगटावर चिकटवा आणि अर्धा दिवस घरात वावरा. मी हे दुसऱ्या घड्याळाच्या वेळी केलं. तीन पुठ्ठे कापले, त्यातले दोन जेवणाच्या आतच काढून टाकले.

जाडी याच्या खालोखाल महत्त्वाची. १२ मिलिमीटरच्या आसपास असेल तर बाही सहज उतरते. १३ पर्यंत चालवून घेता येतं. १४-१५ च्या पुढे घड्याळ दाराच्या चौकटीला, कपाटाच्या कडीला, गाडीच्या पट्ट्याच्या बक्कलला शोधून शोधून आपटतं. स्टीलचं वजन नको वाटत असेल तर टायटॅनियम बघा. ते स्टीलपेक्षा साधारण ४० टक्के हलकं असतं आणि निकेलने ज्यांच्या मनगटाला खाज येते त्यांनाही सोसतं.

आता मीटर. इथे सगळ्यात जास्त गैरसमज आहेत, त्यामुळे जरा सविस्तर सांगते.

पाण्यात दर दहा मीटरला दाब साधारण एक बारने वाढतो; बार हे दाबाचं माप. २०० मीटरचं घड्याळ म्हणजे २० बार. मी ज्या पाण्यात शिकवते त्याचा सगळ्यात खोल कोपरा साडेतीन मीटरचा आहे, तिथे तळाशी गेलं तरी वाढीव दाब एक बारचा जेमतेम तिसरा हिस्सा. हौशी डायव्हर्सची खोलीची मर्यादासुद्धा ४० मीटरची धरतात. मग २०० कशाला, असा प्रश्न येतो, आणि त्यावर हमखास ऐकू येणारं उत्तर म्हणजे "पाण्यात हात मारला की दाब कितीतरी पटीने वाढतो". हे मी स्वतः अनेक वर्षं विद्यार्थ्यांना सांगत होते. मग एकदा कागदावर हिशेब केला. फ्रीस्टाइलमध्ये हात सेकंदाला तीन मीटर वेगाने जातो असं धरलं, तर त्या वेगाने पडणारा जादा दाब पाण्याच्या अर्ध्या मीटरपेक्षाही कमी खोलीइतका येतो. सेकंदाला दहा मीटर वेग धरला तरी जेमतेम पाच मीटर. त्या दिवसापासून ते वाक्य मी बंद केलं.

घड्याळात पाणी जातं ते वेगळ्याच कारणांनी. गॅस्केट, म्हणजे सांध्यात पाणी अडवणारं रबरी वेटोळं, वाळतं, चपटं होतं. क्राउन अर्धवट उघडा राहतो. मागचं झाकण नीट बसलेलं नसतं. गरम पाणी, वाफ आणि साबण गॅस्केटचं आयुष्य खातात. मोठ्या आकड्याचा खरा उपयोग तिथे होतो. २०० मीटरचं घड्याळ बनवताना झाकण जाड, गॅस्केट चांगली आणि क्राउन बहुधा आट्यांचा, म्हणजे फिरवून घट्ट बसवायचा, दिलेला असतो, म्हणून थोडी झीज झाली तरी हातात बरंच शिल्लक राहतं. रोजच्या वापराला, पोहण्यासकट, १०० मीटर आणि आट्यांचा क्राउन एवढं पुरतं. २०० असेल तर निश्चिंत. त्याच्या पुढच्या आकड्यासाठी जाडी आणि वजन सोसू नका.

एक जुनी गोष्ट इथे आठवते. १९५३ साली ब्लाँपाँ या स्विस कंपनीने फिफ्टी फॅदम्स हे घड्याळ आणलं. कंपनी तेव्हा झाँ-झाक फिश्तेर चालवत होते आणि ते स्वतः डायव्हिंग करायचे. फ्रेंच नौदलाच्या पाणबुड्या सैनिकांनी ते घड्याळ वापरलं. फॅदम हे खोलीचं जुनं माप, ५० फॅदम म्हणजे ९१ मीटर आणि वर थोडे सेंटिमीटर. शत्रूच्या बंदरात रात्री पोहत जाणाऱ्या माणसांचं घड्याळ तेवढ्या आकड्याचं होतं. सीकोचं १९६५ सालचं पहिलं डायव्ह वॉच १५० मीटरचं होतं आणि त्याचा व्यास फक्त ३७ मिलिमीटर. डायव्ह वॉच म्हणजे मोठंच असणार, ही समजूत नंतरची आहे.

डायलवर किंवा मागच्या झाकणावर काय कोरलंय ते मात्र नीट वाचा. नुसतं 'वॉटर रेझिस्टंट' लिहिलेल्या घड्याळांसाठी आयएसओ २२८१० हे आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्यात नमुन्यादाखल काही घड्याळं तपासली की चालतं. 'डायव्हर्स २०० मीटर' असं लिहायचं तर आयएसओ ६४२५ पाळावं लागतं. त्यात प्रत्येक घड्याळ पाण्याच्या दाबाखाली तपासतात, तेही लिहिलेल्या आकड्यापेक्षा २५ टक्के जास्त दाबाखाली. अंधारात २५ सेंटिमीटरवरून वेळ वाचता आली पाहिजे, घड्याळ चालू आहे हे दिसलं पाहिजे, धक्का, खारं पाणी आणि चुंबक सोसलं पाहिजे, असंही त्यात आहे. रोजच्या वापराला हे मानक नसलेलं घड्याळ चालतच नाही असं मुळीच नाही. पण दोन घड्याळं बाकी सगळ्यात सारखी असतील तर मी डोळे झाकून 'डायव्हर्स' कोरलेलं घेईन.

क्राउनबद्दल माझा आग्रह आहे. पाण्यातून काठावर चढताना दोन्ही तळवे काठावर टेकून अंग वर उचलावं लागतं. मनगट मागे दुमडतं आणि तीनच्या जागी असलेला क्राउन हाताच्या पाठीत रुततो. मी हे दिवसात वीसेक वेळा करते. पहिल्या घड्याळाने माझ्या हातावर एक लालसर खळगा कायमचा पाडला होता. जोर मारणाऱ्यांना आणि सायकलच्या हँडलवर भार देणाऱ्यांनाही हाच त्रास होतो. म्हणून चारच्या जागी क्राउन असलेलं घड्याळ मी आधी हातात घेऊन बघते. सीकोच्या आणि सिटिझनच्या बऱ्याच डायव्ह वॉचमध्ये तो तिथे असतो. दुकानात घड्याळ घालून मनगट पूर्ण मागे दुमडून बघा, टोचलं तर तिथेच कळेल.

आट्यांचा क्राउन बंद करायचीही रीत आहे. बोटाने हलकं दाबून आधी उलटं फिरवा. आटे जुळले की बारीकसं 'टक्' जाणवतं. मग सुलटं फिरवा आणि अडलं की थांबा. थेट जोर लावून पिळलं की आटे तिरपे बसतात आणि चार-पाच वेळा असं झालं की झिजतात. ओल्या हाताने क्राउन उघडू नका आणि पाण्यात तर कधीच नको. तारखेचं घड्याळ असेल तर वर्षातून पाचदा, ३१ दिवस नसलेल्या महिन्यांनंतर, तो उघडावाच लागतो. यांत्रिक घड्याळात रात्री नऊ ते पहाटे तीनच्या दरम्यान तारीख हाताने फिरवू नये. तेव्हा आतली चाकं तारीख बदलायच्या कामाला लागलेली असतात आणि दात तुटू शकतो.

मला या घड्याळांत सगळ्यात प्रिय गोष्ट म्हणजे बेझल, डायलभोवतीची फिरती कडी. बॅच सुरू झाली की कडीवरचा त्रिकोण मिनिटकाट्यासमोर आणते आणि विसरून जाते. काटा ४० वर आला की बॅच संपली. फोन कपाटात, हात ओले, तरी वेळ समोर. घरीही तेच. मशीनमधले कपडे, लहान मुलाचा ताप पुन्हा बघायची वेळ, गाडी उभी करून किती झाली, सगळं त्या एका कडीवर. ती एकाच दिशेला, घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरते. त्यामागे कारण आहे: कडीला चुकून धक्का लागला तर गेलेला वेळ जास्त दिसतो, कमी कधीच दिसत नाही. त्यामुळे डायव्हर ठरल्यापेक्षा आधी वर येईल, उशिरा नाही.

सेकंदकाट्याचंही तसंच. एक बाई होत्या, तीन आठवडे भिंतीची कड सोडत नव्हत्या. मी माझं मनगट त्यांच्या डोळ्यांसमोर पाण्याबाहेर धरलं आणि म्हटलं, "हा काटा इथून या रेघेपर्यंत जाईल, पाच सेकंद. तेवढाच वेळ हात सोडायचा." त्यांनी काट्यावरची नजर हलवली नाही. बोटं सुटली, काटा रेघेवर आला, बोटं परत कडेवर. मग दहा सेकंद. मग पंधरा. त्या दिवशी सुटताना त्यांनी विचारलं की काटा तसाच, ठळक असलेलं घड्याळ कुठलं घ्यायचं. म्हणून डायल निवडताना मी काटे आधी बघते. मिनिटाचा आणि तासाचा काटा आकाराने वेगवेगळे असावेत, सेकंदाच्या काट्यावर ठळक ठिपका असावा, आणि पाण्याचे थेंब काचेवर असतानाही वेळ वाचता यावी. दुकानात काचेवर तोंडाची वाफ सोडून ती धूसर करा आणि बघा.

बेझल तपासताना ओल्या बोटांनी फिरवून बघा. निसटत असेल तर रोज चीड येईल. मागेपुढे हलत असेल, किंवा त्रिकोण बाराच्या खुणेच्या बाजूला थांबत असेल, तर दुसरा नग मागा. कडीची पट्टी ॲल्युमिनियमची असेल तर चरे पडतात, रंग हळूहळू उतरतो, पण ती बदलता येते. सिरॅमिकला चरे जवळजवळ पडत नाहीत, मात्र फरशीवर नेमकं आपटलं तर तडकू शकतं. मला ॲल्युमिनियम आवडतं, ते वापरल्यासारखं दिसतं.

काच सफायरची मिळत असेल तर घ्या. कठीणपणाच्या मोस मापावर सफायर ९ वर येतं, वाळूतलं क्वार्ट्‌झ ७ वर, आणि साधी मिनरल काच त्याच्या खाली. याचा अर्थ साधी धूळ मिनरल काचेला चरे पाडते, सफायरला नाही. काच कडीच्या वर उंच आलेली नसावी, आधी आपटते ती तीच.

आत यंत्र कोणतं, यावर लोक तासन्‌तास बोलतात. माझं मत थोडक्यात सांगते. रोज न चुकता घालणार असाल आणि आत चाकं फिरतात याचा आनंद वाटत असेल तर ऑटोमॅटिक, म्हणजे हाताच्या हालचालीने आपोआप चावी भरणारं. ते दिवसाला काही सेकंद पुढेमागे जाणार, दोन दिवस टेबलावर राहिलं तर बहुधा बंद पडणार, आणि लॅपटॉपच्या स्पीकरवर ठेवलं तर चुंबकाने बिघडू शकणार. क्वार्ट्‌झ (सेलवर चालणारं घड्याळ) महिन्याला साधारण १५ सेकंद चुकतं. उजेडावर चालणारं क्वार्ट्‌झ असेल तर वर्षानुवर्षं सेल बदलायला झाकणच उघडावं लागत नाही, आणि पाण्यात वावरणाऱ्या माणसाला याहून मोठा फायदा नाही.

हे मी अनुभवाने सांगते. पहिल्या घड्याळाचा सेल एका ठिकाणी बदलून घेतला. पाच मिनिटांत काम झालं, मला बरं वाटलं. गॅस्केट नवं घातलं का, दाबाची तपासणी केली का, हे मी विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी काचेच्या आत, चारच्या आकड्याजवळ, नखाएवढं धुकं दिसलं. दुपारी उन्हात ते गेलं म्हणून मी दुर्लक्ष केलं. आठवड्याभराने काट्यांच्या बुडाशी तांबूस ठिपके. झाकण उघडलं तेव्हा गॅस्केट एका जागी चिमटलेलं होतं. तेव्हापासून झाकण उघडलं की मी दोनच गोष्टी मागते: नवं गॅस्केट, आणि दाबाची तपासणी माझ्यासमोर. हे होणार नसेल तर सेल संपलेलं घड्याळ तसंच घरी नेते. झाकण न उघडताही वर्षा-दीड वर्षाने तपासून घेते.

रात्री चमकणाऱ्या रंगाबद्दल थोडं. जुन्या काळी त्यात रेडियम असायचं, पुढे ट्रिटियम आलं. १९९३ मध्ये जपानच्या नेमोतो कंपनीने ल्युमिनोव्हा हा किरणोत्सर्ग नसलेला रंग काढला आणि आजच्या बहुतेक घड्याळांत त्याच जातीचा रंग असतो. तो उजेड साठवतो, पहिला तासभर प्रखर दिसतो आणि पहाटेपर्यंत मंद होत जातो. खरी परीक्षा पहाटेची. मी साडेचारला उठते तेव्हा मिनिटकाटा ओळखू यायला हवा. जुनं, रेडियमच्या काळातलं घड्याळ हौसेने घेत असाल तर ते घरी उघडू नका आणि पाण्यातही नेऊ नका.

पट्ट्यासाठी कानांमधली जागा २० किंवा २२ मिलिमीटर असलेलं घड्याळ घ्या, या मापाचे पट्टे सहज मिळतात. स्टीलच्या पट्ट्याच्या बक्कलमध्ये बारीक फेरफार करायची सोय हवी, कारण मनगट सकाळी वेगळं आणि संध्याकाळी वेगळं असतं. पाण्यात रबर उत्तम. साधं सिलिकॉन कपड्यांचा भुसा धरतं, एफकेएम जातीचं रबर तेवढं धरत नाही. कापडी नाटो पट्ट्याचा गुण असा की एक पिन तुटली तरी घड्याळ दुसऱ्या पिनेवर लटकून राहतं. पण तो ओला राहतो आणि घड्याळाखालून गेल्यामुळे जाडी वाढवतो. चामडं कोरड्या दिवसांसाठी ठेवा. क्लोरीनच्या किंवा समुद्राच्या पाण्यातून आलं की घड्याळ साध्या गार पाण्याखाली धरा, बेझलच्या खाचेत आणि पट्ट्याच्या सांध्यात पाणी जाऊ द्या.

घड्याळ घरी आलं की परत करायची मुदत संपायच्या आत एक तपासणी करा. तासभर मनगटावर घालून ते कोमट होऊ द्या. मग काचेच्या मधोमध बर्फाचा छोटा खडा मिनिटभर टेकवा आणि पुसून लगेच तिरपं धरून बघा. बाहेरून ओलं दिसेल ते पुसलं जातं. आतून, पुसल्यावरही न जाणारा, खड्याएवढा धूसर डाग दिसला तर आत ओल आहे. क्राउन ओढून वाळवत बसू नका, उन्हात ठेवू नका, त्याच दिवशी परत न्या. डाग नसेल तर दुसऱ्या दिवशी ते घेऊन पाण्यात उतरा.